परदेशात राहून सोलापूरच्या घरी इलेक्ट्रिक गाडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहते, माहेर सोलापूर, आई-आप्पा जुळे सोलापुरात दोघंच असतात. २०२३ च्या दिवाळीत आम्ही घरी इलेक्ट्रिक गाडी घेतली, बॅटरी साधारण ४० किलोवॅट-तासाची, म्हणजे लाईटबिलातल्या ४० युनिटची. तेव्हापासून दुबई, डॅलस, डब्लिन कुठं कुठं असलेले शाळेतले मित्रमैत्रिणी तेच तेच प्रश्न विचारतात आणि मी प्रत्येकाला अर्धा तास व्हॉइस नोट पाठवते, म्हणून एकदाचं सगळं इथं लिहून ठेवलंय.

मी वर्षातून जेमतेम दीड महिना येतो. घ्यावी का?

घरात गाडी चालवणारं दुसरं कुणी असेल, किंवा आठवड्यातून दोनदा येणारा विश्वासू ड्रायव्हर असेल, तर घ्या. नसेल तर घेऊ नका, अगदी मनापासून सांगते. दीड महिन्यासाठी भाड्याची गाडी खूप स्वस्त पडते आणि उरलेले साडेदहा महिने आई-वडलांच्या डोक्याला ताप राहत नाही. गाडी आपण घेतो, आपल्या आवडीनं घेतो, पण ती सांभाळतात घरचे, त्यामुळे मॉडेल, रंग, रेंज (एका चार्जमध्ये किती किमी जाते ते) हे सगळं नंतर, आधी त्यांना विचारा की तुम्हाला हवीय का. आमच्याकडे आप्पा ६८ वर्षांचे आहेत, रोज सकाळी संभाजी तलावाकडं फिरायला जातात, महिन्यातून दोनदा अक्कलकोट, एकदा तुळजापूर, आईचं दवाखान्याचं जाणं-येणं. असा वापर असेल तर इलेक्ट्रिकइतकी सोयीची गाडी नाही, कारण यातलं एकही ठिकाण जाऊन-येऊन शंभर किमीच्या पुढं जात नाही.

गाडी कुणाच्या नावावर घ्यायची?

जो चालवणार त्याच्या. एनआरआयला स्वतःच्या नावावर गाडी घेता येते, त्यात अडचण नाही, पॅन आणि इथला पत्त्याचा पुरावा लागतो, पैसे एनआरई किंवा एनआरओ खात्यातून (एनआरआयसाठी असलेली इथली बँक खाती) देता येतात. पण पुढं आरटीओचं काही काम निघालं, इन्शुरन्सचा क्लेम आला, की मालकाची सही, मालकाचा ओटीपी, आणि मालक झोपलेला असतो साडेतीन-साडेचार तास मागच्या घड्याळात. आम्ही आप्पांच्या नावावर घेतली. मुलीनं वडलांना दिलेल्या पैशावर वडलांना इन्कम टॅक्स लागत नाही, नातेवाइकांकडून आलेली भेट करमुक्त असते, फक्त पैसे बँकेतूनच द्या म्हणजे कागद राहतो.

आणि एक, परदेशात राहायला गेल्यावर इथलं जुनं साधं सेव्हिंग खातं तसंच चालू ठेवता येत नाही, ते एनआरओ करून घ्यावं लागतं. गाडीचा हप्ता जुन्या खात्यातून जातोय असे दोघं-तिघं मला माहीत आहेत, त्यांनी ते आधी नीट करून घ्यावं.

इलेक्ट्रिकला गिअर नाही, मग लायसन्स वेगळं लागतं का? आणि माझं जुनं चालेल?

भारतात वेगळं लागत नाही, कारचं साधं लायसन्स पुरतं. मुदत मात्र बघा. मुदत संपून वर्षाच्या आत रिन्यू केलं तर सोपं असतं, वर्ष उलटलं की परत टेस्ट द्यावी लागते, आणि परदेशात राहणाऱ्यांचं नेमकं हेच होतं कारण ते कार्ड पाकिटात मागच्या कप्प्यात असतं. भारतीय नागरिकत्व सोडलेल्यांनी आता ज्या देशाचे आहेत तिथून १९४९ च्या जिनिव्हा रस्ते वाहतूक कराराप्रमाणे मिळणारं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट घेऊन यावं, त्याची मुदत एक वर्षच असते.

जर्मनीत नव्यानं आलेल्यांसाठी सांगते, आपलं भारतीय लायसन्स तिथं राहायला लागल्यापासून सहाच महिने चालतं, नंतर लेखी आणि गाडीची दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली की पूर्वी फक्त ऑटोमॅटिकच चालवता यायची, एप्रिल २०२१ पासून थोडे तास गिअरच्या गाडीवर शिकून छोटी चाचणी दिली की दोन्हीची मुभा मिळते. मी तेच केलं.

माझी तिकडची इलेक्ट्रिक गाडीच घेऊन आलो तर?

नाही जमणार. वापरलेली गाडी आणायची तर स्टिअरिंग उजवीकडं हवं आणि गाडी तीन वर्षांच्या आतली हवी. जर्मनी, अमेरिका, दुबई सगळीकडं स्टिअरिंग डावीकडं, त्यामुळे विषय तिथंच संपतो. ब्रिटनवाल्यांचं स्टिअरिंग बरोबर असतं पण ड्युटी भरून ती गाडी इथं आणण्यात काही अर्थ नाही.

निदान चार्जर आणू का? युरोपात तोच प्लग आहे ना?

गाडीकडचा प्लग तोच आहे हे खरं, घरच्या चार्जिंगला टाइप टू आणि फास्टला सीसीएस टू, युरोपात आणि भारतात सारखंच. पण भिंतीकडचा प्लग वेगळा आहे आणि घोळ तिथं होतो. जर्मन प्लगचं अर्थिंग त्याच्या कडेच्या पट्ट्यांवर असतं, आपल्या सॉकेटमध्ये अर्थिंगचं वरचं मोठं भोक असतं, म्हणजे तो प्लग कसाबसा अडॅप्टर लावून बसवला तरी अर्थिंग लागत नाही. रात्रभर पंधरा अँपिअर ओढणाऱ्या वस्तूला अर्थिंग नसणं फार वाईट, कृपा करून हे करू नका. अमेरिकेतला तर प्लगही वेगळा आणि व्होल्टेजही. गाडीबरोबर जो चार्जर मिळतो तोच वापरा.

घरी चार्जिंगला नेमकं काय लागतं?

इथं जरा सविस्तर लिहिते कारण आमचे पहिले पंधरा दिवस यातच गेले.

साध्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर गाडी साधारण ३.३ किलोवॅटनं चार्ज होते, म्हणजे पूर्ण रिकामी गाडी भरायला बारा-चौदा तास. ऐकायला जास्त वाटतं, पण रोज वीस-तीस किमी चालणाऱ्या गाडीला आठवड्यातून एक रात्र पुरते. ७.२ किलोवॅटचा भिंतीवरचा चार्जर लावला तर सहा तासांत भरते, पण त्याला सँक्शन लोड (महावितरणनं घराला मंजूर केलेला वीजभार) वाढवावा लागतो आणि बऱ्याचदा थ्री फेज घ्यायला सांगतात. आई-वडलांच्या वापराला त्याची गरज नाही असं माझं मत आहे, आम्ही साध्यावरच आहोत.

आमचं झालं असं की गाडी आली, पेढे वाटले, रात्री प्लग लावला आणि चार्जरवर लाल लाईट. प्लग काढला, परत लावला, परत लाल. सगळ्यांना वाटलं गाडीच खराब दिली. शेवटी आमच्या गल्लीतला वायरमन मीटर घेऊन आला, न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये त्याला पंचवीस-तीस व्होल्ट दिसले, ते दोन-तीनच्या आत असावं लागतं. १९९६ चं घर, त्या वेळचा अर्थिंगचा खड्डा, सोलापूरचा उन्हाळा, जमीन आठ महिने कोरडी ठणठणीत, अर्थिंग कधीच मेलं होतं आणि आम्हाला पत्ताच नव्हता. फ्रिज, गिझर, वॉशिंग मशीन सगळं इतकी वर्षं तसंच चालू होतं, हे कळल्यावर मला खरंच भीती वाटली. गाडीचा चार्जर अर्थिंग तपासतो म्हणून ते उघडं पडलं. नवीन खड्डा घेतला, त्यात कोळसा-मीठ, पाणी ओतायला वर पाइप ठेवला, मीटरपासून गाडीपर्यंत वेगळी तांब्याची वायर ओढली, जास्त लोड आला की वीज तोडणारा वेगळा एमसीबी आणि शॉकपासून वाचवणारा आरसीसीबी लावला. आता उन्हाळ्यात दर रविवारी आप्पा त्या पाइपात बादलीभर पाणी ओततात.

म्हणून गाडी बुक करायच्या आधी अर्थिंग तपासून घ्या. तुम्ही तिकडं असाल तर फोनवरून हे काम होत नाही, शोरूमचा माणूस येऊन फक्त सॉकेट बघून जातो, एखाद्या चुलतभावाला समोर उभं करा.

फ्लॅटमध्ये असाल तर आपल्या मीटरपासून पार्किंगपर्यंत वायर आणायला सोसायटीचं पत्र आधी घ्या. गाडी दारात आल्यावर मागायला गेलं की उगाच वाद होतात.

लाईटबिल किती येतं?

आमची गाडी एका युनिटमध्ये सहा-साडेसहा किमी जाते, एसी लावून. महिन्याला ६०० किमी झाले तर शंभर युनिट. महावितरणचं घरगुती बिल टप्प्याटप्प्यानं महाग होत जातं, त्यामुळे हे शंभर युनिट वरच्या टप्प्यात जातात, हे कुणी आधी सांगत नाही. तरी समजा युनिटला १२ रुपये धरले तरी किमीला दोन रुपयेच होतात, आणि पेट्रोल १०५ धरून लिटरला १५ किमी देणारी गाडी किमीला सात रुपये खाते. घरच्या मीटरवर चार्ज केली तर घरगुती दरच लागतो. गाडीसाठी वेगळं कनेक्शनही घेता येतं पण इतक्या कमी वापराला नको.

मग सोलर बसवू का?

जागा असेल तर हो, आणि गाडीसाठी नाही तर घरासाठीच बसवा. सोलापूरला उन्हाला काय तोटा. एक किलोवॅटचं पॅनल दिवसाला सरासरी चार युनिटच्या आसपास देतं, तीन किलोवॅटचं बारा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजार रुपये सबसिडी आहे. वीज कनेक्शन ज्याच्या नावावर आहे त्यानंच अर्ज करायचा असतो, त्यामुळे मीटर अजून आजोबांच्या नावावर असेल, आणि आपल्याकडं तो असतोच, तर ते नाव आधी बदलून घ्या. पॅनल पुसायला माणूस लागतो, धूळ फार बसते.

पाच-सहा महिने गाडी नुसती उभी राहिली तर बॅटरी जाते का?

मोठी बॅटरी जात नाही. छोटी जाते. हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे आणि सगळे मोठ्या बॅटरीचीच काळजी करत बसतात.

इलेक्ट्रिक गाडीत पण आपल्या नेहमीच्या गाडीसारखी बारा व्होल्टची एक बॅटरी असते. दारं उघडणं, स्क्रीन, लाईट, आणि मोठ्या बॅटरीला जोडणारा स्विच चालू करणं हे सगळं ती करते. गाडी उभी असताना पण लॉक, अलार्म, सिम कार्ड यांना ती थोडी थोडी वीज देत राहते, आणि ती बसली की चाळीस किलोवॅट-तास पोटात असून गाडी हलत नाही. २०२४ ला आप्पांचं डोळ्याचं ऑपरेशन झालं, गाडी तीन महिने कुणी काढलीच नाही, आणि मी सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला म्हणून जानेवारीत आले तर दार उघडेना. आई म्हणाली, "बंद पडली का काय गं गाडी?" रिमोटच्या आत लपलेली साधी लोखंडी चावी असते तिनं दार उघडलं, शेजारच्या काकांच्या गाडीवरून जंपर केबल लावली, चालू झाली. पण तो एक तास आप्पांचा चेहरा मला बघवत नव्हता, त्यांना वाटलं आपल्यामुळं पोरीचे पंधरा लाख गेले.

तर करायचं काय. कुणी असेल तर आठवड्यातून एकदा दहा किमी फिरवायची, बस्स, बाकी काही नको. कुणीच नसेल तर मोठी बॅटरी पन्नास-साठ टक्क्यांवर ठेवा, शंभरवर ठेवून प्लग लावून जाऊ नका, दहा टक्क्यांवर पण नको. बारा व्होल्टच्या बॅटरीची मायनसची वायर दहा नंबरच्या पान्यानं सोडवून ठेवा, पण आधी तुमच्या गाडीच्या पुस्तकात बघा ती कशी सोडायची, आणि बॉनेट चावीनं उघडतं का तेही. टायरमध्ये हवा थोडी जास्त भरा. आणि उंदीर! आमच्याकडं मागं मोकळा प्लॉट आहे, उंदीर-घुशी वायरी कुरतडतात, गाडी हलती असली की तिकडं फिरकत नाहीत.

सोलापूरच्या उन्हाळ्यात बॅटरीला काही होतं का?

एप्रिल-मेमध्ये ४२-४३ अंश आपल्याला नवीन नाही. बॅटरीला ऊन आवडत नाही हे खरं, पण चालताना आणि चार्ज होताना हल्लीच्या बहुतेक कार पाणी फिरवून तिला थंड ठेवतात. त्रास होतो तो भर उन्हात, पूर्ण भरून, तासन्‌तास उभ्या गाडीला. म्हणून सावली हवी. आम्ही पत्र्याची शेड केली होती, खाली भट्टी व्हायची, मग वरून हिरवी जाळी टाकली तेव्हा बरं झालं. लांबून आल्या आल्या प्लग लावायचा नाही, रात्री दहानंतर लावायचा. आणि दुपारी फास्ट चार्जरला गाडी हळू भरते, ती स्वतःला जपत असते, चार्जर खराब नसतो.

जर्मनीत मला उलटा अनुभव आहे, जानेवारीत शून्याखाली गेलं की रेंज चांगलीच घसरते. सोलापुरात एसी लावून पण तेवढी घसरत नाही.

पुण्याला जाता येतं का एका चार्जमध्ये?

अडीचशे किमी आहे. कागदावर जाते, पण आमच्या गाडीनं मी तसं करत नाही. ८०-९० च्या स्पीडनं मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर करत भिगवणला थांबायचं, ते साधारण १४५ किमीवर येतं, तोवर निम्म्याहून जास्त बॅटरी संपलेली असते, मासे खाऊन होईपर्यंत गाडी ऐंशी टक्के होते. ऐंशीच्या वर फास्ट चार्जरवर बसू नका, शेवटचे वीस टक्के फार हळू भरतात आणि मागं कुणीतरी थांबलेलं असतं.

एक नियम मी पाळते, वीस टक्क्यांच्या खाली पोचेन असा प्लॅन करायचा नाही. एकदा अॅपमध्ये चालू दाखवणारा चार्जर प्रत्यक्षात बंद होता, पुढच्यावर पोचलो तेव्हा नऊ टक्के होते आणि आई मागच्या सीटवर रामरक्षा म्हणत होती. निघायच्या आधी फोन करून विचारा, आणि जिथं दोन-तीन चार्जर आहेत तिथंच थांबा.

हैदराबाद तीनशेच्या थोडं वर, नळदुर्ग-उमरगा करत, जहीराबादच्या अलीकडं थांबून. पंढरपूर, विजापूर जाऊन-येऊन आरामात, ठरवायची पण गरज नाही.

आणि हे माझं कळकळीचं सांगणं आहे, विमानातून उतरल्या उतरल्या स्टिअरिंग हातात घेऊ नका. रात्रभर जागरण, त्यात तिकडं रस्त्याच्या उजवीकडून चालवायची सवय, इंडिकेटर द्यायला जाता आणि वायपर सुरू होतो. वंदे भारतनं या, एक दिवस झोपा, मग सकाळी विजापूर रोडला रिकाम्या रस्त्यावर हात बसवा.

चार्जिंगचे पैसे द्यायला तिकडचं कार्ड चालतं?

बरेचदा नाही. अॅपला भारतीय नंबर आणि ओटीपी लागतो, पैसे यूपीआयनं. परदेशी नंबरवर यूपीआय सुरू करायची सोय २०२३ मध्ये जाहीर झाली ती १० देशांसाठी, त्यात अमेरिका, यूएई, सिंगापूर, यूके होते, जर्मनी नव्हता. मी सरळ भारतीय सिम चालू ठेवलंय. गाडीचं अॅप मात्र आप्पांच्या नंबरवर, नाहीतर त्यांना एसी चालू करायला माझा ओटीपी.

टोल, टॅक्स, पीयूसी, इन्शुरन्स?

पटकन सांगते. महाराष्ट्रात रोड टॅक्स माफ, जीएसटी पाच टक्के, पीयूसी लागत नाही, नंबर प्लेट हिरवी. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ वर आला, त्यामुळे किमतीतला फरक आता परत मांडून बघा. राज्याच्या २०२५ च्या धोरणात मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे, समृद्धी आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक कारना टोलमाफी आहे, पण सोलापूर-पुणे राष्ट्रीय महामार्ग आहे, सावळेश्वरपासून पाटसपर्यंत टोल भरायचाच.

इन्शुरन्सची तारीख कॅलेंडरमध्ये टाका. नव्वद दिवसांच्या वर लॅप्स झाला तर नो क्लेम बोनस जातो. बॅटरीची वॉरंटी बऱ्याच गाड्यांना आठ वर्षं असते पण वेळच्या वेळी सर्व्हिसिंग झालेलं असावं लागतं, गाडी दोनच हजार किमी चालली असली तरी.

वडलांना या वयात जमेल का?

माझी हीच धास्ती होती. आप्पांनी तीस वर्षं गिअरची गाडी चालवली, पहिले आठ दिवस डावा पाय क्लच शोधायचा आणि चुकून ब्रेकवर पडायचा. होम मैदानावर सकाळी नेऊन त्यांना सांगितलं, डावा पाय मागं घ्या आणि तिथंच ठेवा. दुसरी गोष्ट पिकअपची, पॅडल दाबलं की गाडी झेप घेते, म्हणून कायम इको मोड. तिसरी, गाडी चालू आहे का बंद हे आवाजावरून कळत नाही, तेव्हा उतरायच्या आधी पार्किंगमध्ये टाकून बटण बंद, हे मोठ्या अक्षरात लिहून डॅशबोर्डवर चिकटवलंय. बाजारात माणसांना मागून गाडी आलेली ऐकू येत नाही, नवी पेठेत हॉर्न जरा आधीच वाजवायचा.

महिनाभरात त्यांचा गुडघा दुखायचा थांबला. मी किती पैसे वाचले सांगायला गेले तर ते त्याबद्दल बोलतच नाहीत, गुडघ्याबद्दलच बोलतात.

वीज तर कोळशाचीच, मग फायदा काय पर्यावरणाला?

प्रश्न बरोबर आहे, सोलापूरकरांनी तर विचारायलाच हवा, आपल्या दक्षिण सोलापूर तालुक्यातच एनटीपीसीचा १३२० मेगावॉटचा कोळशाचा प्रकल्प उभा आहे. कोळशाच्या विजेवर गाडी स्वच्छ होत नाही. पण सात रस्त्याला सिग्नलवर उभ्या असलेल्या माणसाच्या नाकात धूर जात नाही, आणि इंजिनपेक्षा मोटार तीच ऊर्जा कितीतरी चांगली वापरते. छतावर सोलर असेल तर उत्तर अजून बरं होतं. मी हे माझ्या मुलीला असंच सांगते, अर्धवट खरं सांगत नाही.

पुढं विकायची वेळ आली तर?

तुमच्या नावावर असेल तर पैसे एनआरओ खात्यात घ्या, तिथून बाहेर न्यायची मर्यादा वर्षाला दहा लाख डॉलर आहे, गाडीच्या पैशाला भरपूर झाली. स्वतः वापरलेल्या कारवर कॅपिटल गेन लागत नाही. सर्व्हिसिंगच्या सगळ्या पावत्या आणि बॅटरीच्या तपासणीचा कागद फाइलला लावून ठेवा, घेणारा तेच आधी मागतो. अॅपमधून आपलं नाव काढा, फास्टॅग बंद करा, आणि आरसी समोरच्याच्या नावावर झाल्याशिवाय परतीच्या विमानात बसू नका.